पिवळ्याचं काय करायचं?

अंड्याचं पांढरं आणि अंड्याचं पिवळं ही दोन स्वतंत्र संकटं आहेत हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. तोवर अंडं म्हणजे एकच संकट होतं. आमची ही ते गॅसवर उकडायला ठेवायची, फोनवर बहिणीशी बोलत बसायची आणि पाणी आटलं की ते ठो करून फुटायचं. मग छताचा तेवढा भाग मी स्टुलावर चढून पुसायचा. पण त्या संकटात पांढरं, पिवळं आणि कवच तिघंही एकत्र असायची. त्यांची फारकत केली ती आमच्या आईच्या रक्ताच्या तपासणीनं.

आईच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं त्याला आता बरेच महिने झाले. ती पोटाचं डायलिसिस करते. म्हणजे पोटाला एक बारीक नळी कायमची बसवलेली आहे. तिच्यातून पिशवीतलं दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास आत ठेवायचं, रक्तातला कचरा त्यात उतरला की ते काढून टाकायचं आणि ताजं भरायचं. दिवसातून चार वेळा, घरच्या घरी. जंतू आत जाता कामा नयेत म्हणून नळी जोडताना खिडक्या बंद, पंखा बंद, हात कोपरापर्यंत धुतलेले, तोंडाला मास्क आणि उगाच बडबड नाही. दुसरं कुणी असतं तर या शिस्तीनं मेटाकुटीला आलं असतं. आई खुलली. तिनं जन्मभर शाळेत शिकवलं, पण काय शिकवलं ते कुणाच्या लक्षात नाही. परीक्षेच्या हॉलवर देखरेख करणारी बाई म्हणून मात्र ती अजून कित्येक कर्त्यासवरत्या माणसांच्या स्वप्नात येते. पंखे बंद, खिडक्या बंद आणि सगळे गप्प, ही तिची आवडती परिस्थिती. नळी जोडायच्या आधी ती मला अजूनही विचारते, "खिशात काही नाही ना?"

तर तपासणीला गेलो. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि आम्हाला आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. या बाईंच्या टेबलावर खोटं जेवण मांडलेलं असतं. प्लास्टिकचा मासा, प्लास्टिकचा भात, प्लास्टिकचं अर्धं कापलेलं अंडं. समोर जेवण दिसलं की मी जरा हळवा होतो, त्यामुळे मी ते अंडं हातात घेऊन बसलो.

"यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे एक प्रथिन, फार खाली गेलंय," बाई म्हणाल्या. "पोटातलं पाणी बाहेर येताना नुसता कचरा नाही आणत, प्रथिनंही घेऊन येतं. रोजच्या रोज. जेवढं जातं तेवढं तोंडावाटे आत गेलं पाहिजे. या तर चिमणीएवढं खातायत."

मी पाणीपुरवठा कार्यालयात गळतीच्या तक्रारी घेतो. गळती या विषयावर माझा काही एक अधिकार आहे असं मी समजतो. "म्हणजे टाकी गळतेय, नळ मोठा सोडायचा," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या हातातलं अंडं काढून घेतलं. "रोज सहा अंड्यांचं पांढरं. फक्त पांढरं. पिवळ्यात फॉस्फरस असतो, तो यांच्या हाडांना त्रास देईल. आणि पुढच्या तपासणीपर्यंत अल्ब्युमिन वर आलं नाही, तर डॉक्टर घरचं डायलिसिस थांबवून हॉस्पिटलच्या मशीनवर घ्यायचं म्हणतायत. आठवड्यातून तीनदा."

घरी येऊन चपला काढताना आई म्हणाली, "मशीनच्या खुर्चीत चार-चार तास बसवतात म्हणे. मी हॉलमध्येसुद्धा कधी खुर्चीवर बसले नाही." मग तिनं हातातलं घड्याळ वर सरकवलं. ते मनगटावर थांबेना, थेट कोपराशी गेलं. मी ते पाहिलं आणि मला भीती वाटली. उगाच कशाला लपवू, चांगलीच भीती वाटली.

पहिले काही दिवस आम्ही लपवाछपवीनं काम भागवायचं ठरवलं. हिनं पांढरं किसून सूपमध्ये मिसळलं. आईनं चमचा भरला, दिव्याकडे धरला आणि विचारलं, "यात कोण लपलंय?" दुसऱ्या दिवशी भातात शिताएवढे तुकडे घातले. ते तिनं एकेक वेचून ताटाच्या कडेला ओळीनं उभे केले, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे. तिसऱ्या दिवशी टोस्टच्या आत. तिनं टोस्ट उलटून पाहिला, मग हिच्याकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं संसार केलेली माझी बायको म्हणाली, "आई, पुन्हा नाही करणार."

"सरळ ताटलीत द्या," आई म्हणाली. "खाईन मी."

आणि खायला लागली. ताटली स्वच्छ परत यायची. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून समाधानानं मान डोलवायचो. मी तर ऑफिसात दोघांना आहारावर व्याख्यानसुद्धा दिलं. पुढच्याच आठवड्यात गॅलरीतल्या कुंडीकडे मुंग्यांची रांग निघालेली दिसली. कुंडी उकरली तर आत पांढरं. मग चष्म्याच्या घरात पांढरं. मास्कच्या डब्यात, मास्कच्या खाली, कागदात नीट गुंडाळलेलं पांढरं. जिनं जन्मभर मोज्यातल्या, पट्टीमागच्या, चपलेच्या टाचेतल्या चिठ्ठ्या धरल्या, तिला लपवायच्या जागा कमी पडणार होत्या थोड्याच.

मी तो सगळा ऐवज ताटलीत घालून तिच्यापुढे ठेवला. "आई, हे काय आहे?"

"कॉपी," ती शांतपणे म्हणाली. "पकडली गेले."

"अगं, गंमत आहे का ही? तू खाल्लं नाहीस तर..." पुढचं तिलाही ऐकायचं नसावं. ती म्हणाली, "गिळत नाही रे. पोटात दोन लिटर पाणी आणि वर तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभे."

मी आहारवाल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पाण्यानं पोट भरलेलं असताना भूक लागणारच नाही. जुनं पाणी काढून झालं की नवं भरण्याआधी पोट मोकळं असतं, तेव्हा खायला द्या. झालं. मला वाटलं, प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निघून गेलं, आईनं मास्क खाली केला, मी ताटली पुढे केली. आईनं ताटलीकडे पाहिलं आणि इथेच माशी शिंकली.

"याचं पिवळं कुठाय?"

"टाकलं."

"रोज सहा पिवळी टाकता? अन्न?" तिनं ताटली सरकवली. "पिवळं वाया जाणार असेल तर पांढरं मी खाणार नाही. कुणीतरी ते माझ्यासमोर खायचं. मग मी हे खाईन."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. पोट मोकळं होतं, नवी पिशवी कोमट होऊन तयार होती. मी केराच्या टोपलीतून नव्हे, ओट्यावरून (हे आवर्जून सांगतो, कारण इमारतीत वेगळं बोललं जातं) सहा पिवळी आणली आणि खायला लागलो. उकडलेलं पिवळं तुम्ही एकटं, म्हणजे पांढऱ्याच्या सोबतीशिवाय, कधी खाल्लंय का? पहिलं बरं लागतं. दुसऱ्याला टाळ्याला चुना लावल्यासारखं होतं. तिसऱ्यानंतर माणूस बोलू शकत नाही. समोर आई, हातात पांढरं, नजर माझ्या जबड्यावर.

"तोंड उघड," ती म्हणाली.

मी उघडलं.

"जीभ वर कर. गालात काय आहे?"

गालात होतं. मी ते गिळलं. मोठा होऊन, दोन बढत्या घेऊन, गळती विभागाच्या टेबलावर नावाची पाटी लागलेल्या माणसाला आईपुढे जीभ वर करावी लागली. पण तिची ताटली रिकामी झालेली होती. मी खिडक्या, कुंडी, चष्म्याचं घर, सगळं तपासलं. खरंच खाल्लं होतं.

तर मग ठरलं. बायकोनं रोज दोन पिवळी पत्करली, पण चौथ्या दिवशी पित्ताचं कारण सांगून तिनं अंग काढून घेतलं. सहाच्या सहा माझ्या वाट्याला आली. मी ती पाव लावून खाल्ली, मिरपूड घालून खाल्ली, डोळे मिटून खाल्ली. ऑफिसात टेबलावर फोन वाजायचा, पलीकडून कुणी ओरडायचं, "अहो, पाइप फुटलाय, रस्त्यात तळं झालंय!" आणि मला फक्त ठसका लागायचा. एका गृहस्थांनी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली की गळती विभागातला माणूस नागरिकांचं संकट ऐकून हसतो. साहेबांनी खुलासा मागितला. मी लिहिलं, "घशात पिवळं होतं." साहेब म्हणाले, खुलासा असमाधानकारक आहे. मला विचाराल तर तो खुलासा त्या कचेरीत आजवर लिहिला गेलेला सर्वांत खरा खुलासा होता.

आता आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना मेव्हणेवाले म्हणतो, कारण जगातला कोणताही आजार सांगा, तो त्यांच्या मेव्हण्याला होऊन गेलेला असतो. जिन्यात मला धाप लागलेली बघून ते थांबले. मी सगळी हकीकत सांगितली.

"पिवळं ना? माझ्या मेव्हण्याचे केस गेले होते. पिवळं चोपडलं, वर्षभरात जंगल उगवलं. खाता कशाला, डोक्याला लावा!"

मी आईला विचारलं. तिनं बराच विचार केला आणि परवानगी दिली. "पण कच्चं लावायचं. आणि माझ्यासमोर." मग हिनं दोन अंडी कच्चीच फोडून पिवळं वेगळं काढलं आणि मी आईसमोर बसून ते डोक्याला लावलं. आईनं तोवर पांढरं संपवलं. मग मी न्हाणीघरात गेलो. मेव्हणेवाल्यांनी सगळं सांगितलं होतं, फक्त पाणी गार घ्यायचं एवढं सांगितलं नव्हतं. मी कढत पाणी डोक्यावर ओतलं आणि पिवळं जागच्या जागी शिजलं. अर्धा तास मी फणीनं डोक्यातून आमलेट काढत होतो. ऑफिसात साहेब माझ्या भांगाकडे बघून एवढंच म्हणाले, "आता हा काय खुलासा?"

मेव्हणेवाले तेवढ्यावर थांबणारे नव्हते. "बेकरी!" ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "बेकरीवाले केकला पिवळं वापरतात, पांढरं उरतं. तुम्ही उरलेलं पांढरं आणा, पिवळ्याचा प्रश्नच मुळात मिटला!" मला ही युक्ती इतकी पटली की मी त्यांच्या मेव्हण्याला मनातल्या मनात दीर्घायुष्य चिंतलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं आनंदानं बादलीभर कच्चं पांढरं दिलं. मी ती बादली घेऊन, जिन्यावर दोन ठिकाणी सांडत, घरी आलो. तीन गोष्टी झाल्या. पहिली, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यावर घसरून बसले. दुसरी, विचारायला फोन केला तर दवाखान्यातल्या नर्सबाई कडाडल्या, की पोटाला नळी असलेल्या माणसाला उघड्या बादलीतलं काहीही खायला घालायचं नाही, तुम्ही शिकलेले आहात ना? तिसरी, आईनं बादलीत डोकावून विचारलं, "यांचं पिवळं कुणी खाल्लं?"

"अगं, लोकांनी. केकमधून."

"मी पाहिलेलं नाही," आई म्हणाली.

बादली कुठे रिकामी केली ते विचारू नका. एवढंच सांगतो की गळती विभागाला त्या आठवड्यात आमच्याच इमारतीतून गटार तुंबल्याची तक्रार आली आणि ती मलाच नोंदवावी लागली.

शेवटी मेव्हणेवाल्यांना स्वतःच्या सल्ल्यांची लाज वाटली असावी. ते म्हणाले, "दोन पिवळी मी येऊन खातो." आईनं त्यांना हात धुवायला लावले, मास्क दिला, खिसे रिकामे करायला लावले. जुनं पाणी निघून जाईपर्यंत ते भिंतीशी खुर्चीवर ताठ बसले होते. मग तिनं खूण केली, सगळ्यांनी मास्क खाली केले आणि खाणं सुरू झालं. मेव्हणेवाल्यांनी पहिलं पिवळं खाल्लं, दुसरं रुमालात सरकवायला गेले.

"तो रुमाल इकडे आणा," आई म्हणाली. तिचं स्वतःचं तोंड भरलेलं होतं आणि डोळे चमकत होते. कितीतरी महिन्यांत मी ते डोळे तसे पाहिले नव्हते.

ही बातमी पसरली. का पसरली, सांगता येत नाही. आमच्या घरी फुकट खायला मिळतं म्हणून म्हणावं, तर कोरडं पिवळं खायला कोण येतो? मला वाटतं, लोकांना परत एकदा परीक्षेला बसायचं होतं. तळमजल्यावरचे व्यायामवाले आले. ते म्हणाले, "पिवळं नको, मला पांढरं द्या, मी स्नायू कमावतोय." आई म्हणाली, "पांढरं माझं आहे. तू चुकीच्या हॉलमध्ये आलायस." तो धिप्पाड माणूस निमूटपणे पिवळं खाऊन गेला. समोरच्या बाई आल्या, त्यांची भावजय आली. आत जागा होईना म्हणून मी दारात स्टुलं टाकली. अंडी सहाच असल्यामुळे एकाला एक पिवळं यायचं, कधी अर्धं. खिडक्या बंद, पंखा बंद, मास्क लावलेली पाच-सहा माणसं घामानं निथळत, चिडीचूप, हातात अर्धं पिवळं धरून आईच्या पोटातलं पाणी संपायची वाट बघत बसलेली. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटलं असेल, मी सांगू शकत नाही.

सेक्रेटरींना काय वाटलं ते मात्र कळलं. त्यांचं कंबरडं अजून दुखत होतं. त्यांनी आमच्या दारात डायलिसिसच्या पिशव्यांची खोकी पाहिली, अंड्यांचे ट्रे पाहिले, हात धुऊन आत जाणारी माणसं पाहिली, आणि फलकावर नोटीस लावली: "निवासी जागेत विनापरवाना खाणावळ चालवणाऱ्यांवर कारवाई होईल." मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, ही खाणावळ नाही, आईचं औषध आहे.

"मग बाकीचे लोक काय खातात?"

"औषधाचं पिवळं."

"बघा," सेक्रेटरी आपल्या बायकोला म्हणाले, "कबूल केलं."

आणि एका सकाळी अन्न खात्याचे साहेब दारात उभे राहिले. हातात बॅग, बॅगेत नमुन्याच्या बाटल्या, लाख, सीलचा ठसा. नेमकं आईचं पाणी निघत होतं. त्यांनी ओळखपत्र पुढे केलं. आईनं ते दोन्ही बाजूंनी तपासलं आणि म्हणाली, "फोटो जुना आहे. हात धुवा, मास्क लावा, बसा. बोलायचं नाही."

साहेब बसले. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे: सरकारी माणूस, छापा घालायला आलेला, हात धुऊन गप्प बसला. पाणी संपल्यावर आईनं खूण केली तेव्हा त्यांना कंठ फुटला.

"इथे जेवण दिलं जातं?"

"अर्धं पिवळं दिलं जातं," मी म्हणालो.

"परवाना आहे?"

"अर्ध्या पिवळ्याचा परवाना मिळतो का?"

साहेब विचारात पडले. हॉटेल, खाणावळ, बेकरी आणि फिरती गाडी, या कशातच आम्ही बसत नव्हतो. ते म्हणाले, वर्गवारी मागाहून बघू, आधी नमुना घेतला पाहिजे. आणि त्यांनी ताटलीतली सहाही पिवळी उचलून बाटल्यांत भरली, बुचं लावली, लाख वितळवायला मेणबत्ती काढली.

"थांबा," आई म्हणाली. "हे कोण खाणार?"

"खायचं नसतं, आजी. प्रयोगशाळेत तपासतात."

"तपासून झाल्यावर?"

"नष्ट करतात."

आईनं हातातलं पांढरं ताटलीत परत ठेवलं. मेव्हणेवाले खुर्चीतून अर्धे उठले. मी घड्याळाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आईच्या हातातल्या त्या सैल घड्याळाकडे पाहिलं, आणि माझा सगळा मान, सगळ्या बढत्या गुंडाळून ठेवून साहेबांपुढे हात जोडले. "साहेब, तपासणी तीन दिवसांवर आलीय. तुम्ही ते पिवळं नेलंत तर ती पांढरं खाणार नाही. पांढरं खाल्लं नाही तर प्रथिनं वाढणार नाहीत, आणि ते तिला मशीनच्या खुर्चीत नेऊन बसवतील. तुमचा काय दंड असेल तो मला करा, पण पिवळं ठेवून जा."

"नमुना घेतल्यावर परत देता येत नाही," साहेब कळवळून म्हणाले. "नियम आहे. घेतला की तो खात्याचा."

"मग खात्यानं खावा," आई म्हणाली.

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. पाच मास्क त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एक बूच काढलं. मग दुसरं. मी त्यांना पाणी दिलं. सहावं पिवळं संपवायला त्यांना बराच वेळ लागला. आईनं समोर बसून तोवर सगळं पांढरं खाल्लं, शेवटचा तुकडा बोटानं पुसून घेतला आणि म्हणाली, "तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. गालसुद्धा दाखवला.

जाताना ते दारात थांबले आणि पुरावाच उरला नाही, तर कारवाई कशाच्या आधारावर करायची, असं स्वतःशीच पुटपुटले. सेक्रेटरी जिन्यात वाट बघत उभे होते. त्यांनी उत्सुकतेनं विचारलं, "काय सापडलं?" साहेबांना बोलायचं होतं, पण मला ती अवस्था पुरेपूर ठाऊक आहे. त्यांना फक्त ठसका लागला.

तपासणीच्या दिवशी रक्त देऊन, निकालाचे कागद आल्यावर आम्ही आहारवाल्या बाईंसमोर बसलो. त्याच दिवशी माझंही रक्त तपासायला दिलं होतं, कारण जिना चढताना मला आता मेव्हणेवाल्यांपेक्षा जास्त धाप लागत होती. आई प्लास्टिकचा मासा उलटसुलट करून बघत होती. बाईंनी कागद वाचला. मग परत वाचला.

"वर आलंय," त्या म्हणाल्या. "चांगलंच वर आलंय. डॉक्टर म्हणतात, घरचंच चालू ठेवा."

बाईंसमोर रडू नये म्हणून मी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

"मला सांगा," बाई आईला म्हणाल्या, "माझे निम्मे पेशंट पांढऱ्याला तोंड लावत नाहीत. तुम्ही कसं जमवलंत? पोट मोकळं असताना खाल्लंत म्हणून?"

"तेही आहेच," आई म्हणाली. तिनं मासा खाली ठेवला. "पण बाई, मी जन्मभर दुसऱ्यांवर लक्ष ठेवलं. माझ्यावर कुणी लक्ष ठेवायला लागलं की घास फिरतो तोंडात. आजारी पडले तेव्हापासून हा आणि सूनबाई माझ्या घशाकडेच बघत बसायची. घास खाली गेला की दोघं सुटकेचा श्वास सोडायची. कोण जेवेल असं?" मग ती माझ्याकडे वळली. "तू ते पिवळं खायला लागलास आणि मला तुझ्यावर लक्ष ठेवावं लागलं. तू गालात लपवतोस, लहानपणापासून. त्या नादात माझं पांढरं कधी संपायचं, मला कळायचंही नाही."

म्हणजे अन्न वाया जाण्याचा प्रश्न नव्हताच की काय, असं मी विचारणार होतो. पण तेवढ्यात बाईंनी दुसरा कागद उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा कुणाचा? तुमचा? अहो, काय खात होतात तुम्ही?" त्यांनी प्लास्टिकचं अर्धं अंडं माझ्यासमोर धरलं आणि मधल्या पिवळ्या गोळ्यावर नख ठेवलं. "हे आजपासून बंद. अंडं खायचं तर तुम्हीसुद्धा फक्त पांढरं."

घरी आलो. संध्याकाळचं पाणी निघालं. बायकोनं दोन ताटल्या आणल्या, दोन्हींत नुसतं पांढरं, आणि मधे एका वाडग्यात पिवळ्यांचा ढीग. मेव्हणेवाल्यांना निरोप गेला होता. ते येईपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी पहिला तुकडा तोंडात घातला. त्याला कसली म्हणून चव नव्हती आणि तो रबरासारखा दातांवर उसळत होता. हे ती एवढे दिवस खात होती आणि मी तिच्यावर कॉपीचा आरोप ठेवला होता. आई माझ्याकडे बघत होती. मला गिळेना. मग मी तिच्याकडे बघायला लागलो, तेव्हा कुठे तो घास खाली गेला.

दोघांच्या ताटल्या संपल्या.

"तोंड उघड," आई म्हणाली.

मी उघडलं, जीभ वर केली, दोन्ही गाल दाखवले.

"आता तू उघड," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नसावं. मग तिनं हात वर करून मास्क आणखी खाली ओढला आणि तोंड उघडलं. तिचं घड्याळ खाली घसरलं आणि मनगटाच्या जरा वर येऊन थांबलं. तोंडात काही लपवलेलं नव्हतं. मी दोन्ही गाल नीट पाहिले.

"गिळलंय रे," ती म्हणाली. "पिशवी लाव आता."